जाळ्याबाहेरचा एक्सपी संगणक आणि कार्यालयातील सामायिक साठवण : जोडणी कशी करावी?

ओतारी (धागाकर्ता)

कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत आमची मध्यम आकाराची फाउंड्री आहे. भट्टीतला धातू ओतण्यापूर्वी त्याचा नमुना तांब्याच्या साच्यात झटकन थंड करून स्पेक्ट्रोमीटरवर ठेवतात, आर्गॉन वायूच्या आवरणात त्यावर ठिणगी पाडतात आणि कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक वगैरेंची टक्केवारी शेजारच्या संगणकाच्या पडद्यावर उमटते. हा संगणक विंडोज एक्सपीवर चालतो. स्पेक्ट्रोमीटरला जोडणारे कार्ड जुन्या पद्धतीच्या पीसीआय खाचेत बसते, त्याचे ड्रायव्हर पुढच्या कोणत्याही विंडोजसाठी निघाले नाहीत, आणि यंत्र मात्र अजून उत्तम मोजते. त्यामुळे केवळ संगणक जुना झाला म्हणून संपूर्ण यंत्र बदलणे आम्हाला परवडणारे नाही.

आजवर हा संगणक कोणत्याही जाळ्याला जोडलेला नाही. चालक छापील कागदावरचे आकडे वहीत उतरवतो आणि कार्यालयातील लिपिक तेच आकडे पुन्हा टंकून टेस्ट सर्टिफिकेट तयार करतो. दोनदा उतरवलेल्या आकड्यांत दशांशचिन्ह एका घराने सरकले तर काय होते, हे एस. जी. आयर्नचे (मॅग्नेशियम घालून चिवट केलेल्या बिडाचे) काम करणाऱ्यांना सांगायला नको. तिथे मॅग्नेशियम साधारण ०.०३ ते ०.०५ टक्क्यांच्या दरम्यान राखावे लागते. आता ग्राहकांची मागणी अशी आहे की प्रत्येक हीटचे, म्हणजे भट्टीतून एका वेळी निघणाऱ्या धातूच्या घाण्याचे, मूळ वाचन, माणसाचा हात न लागता, थेट नोंदीत यावे. महिन्यातून एकदा निकालांच्या संपूर्ण डेटाबेसची प्रतही जपून ठेवायची आहे.

कार्यालयात चार डिस्कचे एनएएस, म्हणजे जाळ्यावरून सर्वांना वापरता येणारे साठवणीचे उपकरण, आहे. त्यावर पॅटर्नची ड्रॉइंग, हिशेब आणि सर्टिफिकेटे असे सगळेच असते. आमच्या संगणकांची देखभाल करणाऱ्या गृहस्थांचे म्हणणे असे की, एनएएसच्या सेटिंगमध्ये ‘एसएमबी १’ चालू करावे, प्रयोगशाळेपर्यंत एक केबल ओढावी आणि एक्सपीवर नेटवर्क ड्राइव्ह म्हणून सामायिक फोल्डर जोडावा. अर्ध्या तासाचे काम आहे. मला ते पटत नाही, परंतु का पटत नाही हे नीट मांडताही येत नाही. स्पेक्ट्रोमीटर अडकता कामा नये, त्याची बाधा एनएएसला होता कामा नये आणि कार्यालयातील बाधा त्याला होता कामा नये, या तीन अटी सांभाळून काय करावे?

जाळेदुरुस्ती

आपली शंका योग्य आहे. एक्सपीला सामायिक फोल्डरची फक्त जुनी भाषा येते, ती म्हणजे एसएमबी १. व्हिस्टापासून एसएमबी २ आले, विंडोज ८ पासून एसएमबी ३. एक्सपी मात्र होता तिथेच राहिला आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याची नियमित देखभालही थांबवली. दुसऱ्या बाजूला २०१७ च्या उत्तरार्धातल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून एसएमबी १ मुळात बसवलेच जात नाही, आणि बहुतेक एनएएसच्या पोटात जो सांबा (फोल्डर सामायिक करणारे सॉफ्टवेअर) चालतो त्याने २०१९ मध्ये ४.११ या आवृत्तीत ते मूळ सेटिंगमध्ये बंद केले. म्हणजे आपले देखभालकर्ते जे चालू करायला सांगतात, ते बनवणाऱ्यांनीच जाणूनबुजून बंद केलेले आहे.

कारण वॉनाक्राय. विंडोजच्या एसएमबी १ मधील दोषावरचा दुरुस्ती-संच मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिला होता, तरी १२ मेपासून ते खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरले. पोर्ट ४४५, म्हणजे एसएमबीचे दार, उघडे असलेला आणि दुरुस्ती न केलेला संगणक जाळ्यात असणे एवढेच त्याला पुरे होते. कोणी ईमेल उघडण्याची किंवा कुठे टिचकी मारण्याची गरज नव्हती. एक्सपीसाठी तेव्हा अपवाद म्हणून स्वतंत्र दुरुस्ती काढावी लागली. गंमत अशी की त्या साथीत बाधित झालेले बहुतेक संगणक विंडोज ७ चे होते; एक्सपीवर तो हल्ला अनेकदा नीट चालतच नसे, संगणक निळा पडदा दाखवून कोसळत असे. काही जण यावरून ‘एक्सपी वाचला’ असे म्हणतात. भट्टीत धातू तयार असताना स्पेक्ट्रोमीटरचा संगणक कोसळला तर त्याला वाचणे म्हणायचे का, हे आपणच ठरवा.

एनएएसवर एसएमबी १ चालू केल्याने आणखी एक गोष्ट होते, जी सहसा बोलली जात नाही. पुष्कळ उपकरणांत ही सोय एखाद्या फोल्डरपुरती देता येत नाही, ती संपूर्ण उपकरणाला लागू होते. प्रयोगशाळेतल्या एका संगणकासाठी आपण हिशेब आणि ड्रॉइंग यांच्या दाराची कडीही सैल करून ठेवतो.

रात्रपाळी

एवढे कशाला? दर पाळीच्या शेवटी पेनड्राइव्हवर निकाल घ्यावेत आणि कार्यालयात नेऊन द्यावेत. संगणक जाळ्यात नाही हेच त्याचे सर्वांत मोठे संरक्षण आहे. ते आपण हाताने का काढून टाकायचे? कुडनकुलमच्या अणुऊर्जा प्रकल्पातही २०१९ मध्ये बाधा झाली ती इंटरनेटला जोडलेल्या प्रशासकीय कामाच्या संगणकाला, आणि आतले महत्त्वाचे जाळे वेगळे असल्यामुळे ते सुरक्षित राहिले, असेच तेव्हा अधिकृतपणे सांगण्यात आले होते.

जाळेदुरुस्ती

वेगळेपणाचे महत्त्व मान्य आहे. परंतु पेनड्राइव्ह हीसुद्धा एक जोडणीच आहे. फक्त ती केबलसारखी डोळ्यांना दिसत नाही आणि तिची नोंद कुठेही होत नाही. २०१० मध्ये उघडकीला आलेले स्टक्सनेट हे घातपाती सॉफ्टवेअर इराणच्या नतान्झ येथील, इंटरनेटपासून तोडलेल्या यंत्रणेपर्यंत पोहोचले, त्यात यूएसबी साधनांचा मोठा वाटा मानला जातो. विंडोज शॉर्टकटचे चिन्ह दाखवते त्या क्रियेतलाच दोष त्यात वापरला होता, त्यामुळे फाइल उघडण्याचीही गरज नव्हती, फोल्डर नुसता पाहिला तरी पुरे. त्याआधी २००८ मध्ये आलेला कॉनफिकर जाळ्यातूनही पसरत होता आणि पेनड्राइव्हमधील ऑटोरनवरूनही (साधन लावताच त्यावरचा प्रोग्राम आपोआप चालू करणारी सोय). पेनड्राइव्हचे ऑटोरन बंद करणारी दुरुस्ती २०११ मध्ये विंडोज अपडेटवाटे वाटली गेली. जो संगणक कधी इंटरनेटला लागलाच नाही त्याच्यापर्यंत ती पोहोचली असण्याची शक्यता किती?

शिवाय कार्यालयातून परत येणारा पेनड्राइव्ह हाच खरा धोका आहे. निकाल बाहेर जाण्यासाठी दिवसातून तीनदा जे साधन आत येते, ते रिकामे येते याची खात्री कोण देणार? आणि ते वेगळेच, की पाळी संपेपर्यंत निकाल थांबणार असतील तर धागाकर्त्यांची मूळ मागणी पूर्ण होत नाही.

ओतारी

रात्रपाळी यांचा मुद्दा मीही बरेच दिवस धरून होतो, कारण आजवर त्यानेच निभावले आहे. परंतु आमच्याकडे पेनड्राइव्ह एकच राहत नाही. मालाच्या गाडीचे ई-वे बिल छापायला तोच, मोबाइलमधले फोटो काढायला तोच, असा तो फिरत असतो.

एक प्रश्न. आमच्या स्विचवर व्हीलॅन, म्हणजे एकाच जाळ्याचे आपसांत वेगळे भाग, करता येतात असे कळले. एक्सपी वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवून त्याला फक्त एनएएसपर्यंत जाऊ दिले तर चालेल का?

जाळेदुरुस्ती

व्हीलॅनमुळे एक्सपी कार्यालयातील इतर संगणकांपासून वेगळा होईल, परंतु एनएएसपासून होणार नाही, आणि एनएएसलाच तर आपण जपायचे म्हणतो. एसएमबी १ चालू करण्याची गरजही तशीच राहते. आपण प्रश्न ‘एक्सपी आणि एनएएस यांना एकमेकांशी बोलते कसे करावे’ असा घेतला आहे, तो मुळात बदलावा असे मी सुचवतो. त्या दोघांनी एकमेकांशी कधीच बोलू नये. दोघांनाही ओळखणारा तिसरा कोणी मध्ये असावा.

जुन्या वाड्यात बाहेरून आलेला माणूस देवडीवर थांबतो, त्याचे काम तिथेच विचारले जाते आणि आत जायचे ते कारभारी घेऊन जातो. तशी देवडी इथे लागेल. एक छोटा, जुना चालेल असा, पण चालू देखभाल असलेली लिनक्स प्रणाली बसवलेला संगणक घ्यावा आणि त्यात दोन नेटवर्क कार्डे असावीत. एका कार्डातून सरळ केबल एक्सपीला जावी, मध्ये स्विचही नको. दुसरे कार्ड कार्यालयाच्या जाळ्यात. या दोन कार्डांमध्ये पॅकेट पुढे पाठवण्याची सोय बंद ठेवावी, त्यांचे ब्रिज करू नये, आणि फायरवॉलमध्येही एका कार्डावरून दुसरीकडे काही जाणार नाही असा स्पष्ट नियम लिहावा. पुढे पाठवणे मूळ सेटिंगमध्ये बंद असतेच, पण उद्या कोणी त्याच संगणकावर दुसरे काही बसवले आणि ते चालू झाले, तर नियम तरी उभा राहील. एक्सपीला स्थिर पत्ता द्यावा. गेटवे आणि डीएनएसचे रकाने रिकामे सोडावेत. ज्याला बाहेरची वाटच सांगितलेली नाही तो संगणक चुकूनही इंटरनेटकडे जायला निघत नाही.

आता दिशा ठरवायची, आणि सगळी मेख इथेच आहे. एक्सपीने फाइल देवडीवर आणून टाकावी. देवडीने एक्सपीत हात घालून फाइल घेऊ नये. असे केले की एक्सपीवर ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ची गरजच उरत नाही. ते त्या कार्डावरून काढून टाकावे, ‘सर्व्हर’ ही सेवा बंद करावी आणि सर्व्हिस पॅक २ पासून आलेले फायरवॉल बाहेरून येणाऱ्या प्रत्येक जोडणीला नकार देईल असे ठेवावे. वॉनाक्रायने ज्या दारावर धडक दिली ते दार मग भिंतीत उरतच नाही.

पुढच्या टप्प्यातही हेच. देवडीने एनएएसवर लिहू नये, तर एनएएसने ठरावीक वेळाने देवडीवरून आरसिंकने (फाइलींच्या प्रती घेणारे सॉफ्टवेअर) फाइली ओढून घ्याव्यात. बहुतेक एनएएसमध्ये ही सोय कुठल्या ना कुठल्या रूपात असते. याचा फायदा असा की देवडीवर एनएएसचा पासवर्ड ठेवावाच लागत नाही. उद्या देवडी कोणाच्या ताब्यात गेली तरी तिच्यात पुढच्या दाराची किल्ली सापडणार नाही.

हे मी उगाच ताणत नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हे विध्वंसक सॉफ्टवेअर आले, ते एसएमबी १ च्या दोषाबरोबरच संगणकाच्या स्मृतीत सापडलेले पासवर्ड वापरून शेजारच्या संगणकांत शिरत होते, आणि म्हणून दुरुस्ती करून घेतलेले संगणकही त्यात गेले. आपल्या न्हावा शेवा बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम तेव्हा विस्कळीत झाले होते. दोष दुरुस्त करता येतो. सांडलेल्या पासवर्डला दुरुस्ती नाही.

नऊपिनी

देवडीची रचना निर्दोष आहे, पण निकालांसाठी ती मोठी वाटते. आधी हे मोजावे की पलीकडे न्यायचे आहे किती. एका हीटचा निकाल म्हणजे हीट क्रमांक, वेळ, ग्रेड आणि तीसेक मूलद्रव्यांचे आकडे. ३०० अक्षरांच्या आत बसेल. एक्सपीच्या काळातील संगणकाला मागे नऊ पिनांचे सिरियल पोर्ट बहुधा असतेच. ९६०० बॉडने सेकंदाला ९६० अक्षरे जातात, म्हणजे एका निकालाला साधारण एक तृतीयांश सेकंद.

सिरियलची खरी शक्ती तारेत आहे. एक्सपीच्या बाजूची पाठवणारी पिन ३, देवडीच्या बाजूची घेणारी पिन २, आणि दोन्हीकडची पिन ५ जमिनीसाठी, एवढ्याच दोन तारा जोडाव्यात. उलट दिशेची तार जोडूच नये आणि हँडशेक (दोन्ही बाजूंनी एकमेकांना द्यायची खूण) बंद ठेवावे. आता देवडीवर कोणीही बसले तरी त्याला एक्सपीला एक अक्षरही पाठवता येणार नाही, कारण पाठवायला तारच नाही. अणुप्रकल्पांत आणि संरक्षण खात्यांत ज्याला डेटा डायोड म्हणतात आणि जिथे ते काम एकाच दिशेला प्रकाश नेणाऱ्या फायबरवर महागड्या उपकरणांनी करतात, त्याचेच हे स्वस्त रूप आहे. फायरवॉलच्या नियमात चूक राहू शकते. न जोडलेल्या तारेत राहत नाही.

एक्सपीच्या बाजूला वेगळे सॉफ्टवेअरही लागत नाही. बॅच फाइलमध्ये ‘मोड’ या आज्ञेने पोर्टचा वेग ठरवावा आणि ‘कॉपी’ या आज्ञेने फाइल कॉम १ कडे पाठवावी. पोचपावती मिळत नसल्यामुळे प्रत्येक ओळीला चढता क्रमांक आणि शेवटी बेरीज-तपासणीचा अंक जोडावा, म्हणजे मधली ओळ गळली तर देवडीला लगेच कळेल. इंडक्शन भट्टी जवळ असल्यास दोन्ही संगणकांच्या अर्थिंगमध्ये फरक पडून पोर्ट जळू शकते, तेवढ्यासाठी मध्ये ऑप्टो-आयसोलेटर (संदेश विजेऐवजी प्रकाशाने पलीकडे नेणारा भाग) अवश्य घालावा.

ओतारी

नऊपिनी, आपला उपाय वाचून मन मोहात पडले. पण हिशेब करून पाहिला. निकालांना तो पुरतो यात शंका नाही. मासिक प्रतीसाठी मात्र आमचा डेटाबेस सुमारे ४०० एमबीचा आहे, आणि ९६०० बॉडने तो न्यायला जवळजवळ पाच दिवस लागतील. १,१५,२०० बॉडने नेला तरी साडेनऊ तासांच्या वर. तेवढा वेळ डेटाबेस स्थिर ठेवणे तीन पाळ्यांत चालणाऱ्या ठिकाणी शक्य नाही. तिथे इथरनेटच लागेल असे दिसते.

नऊपिनी

मासिक प्रतीसाठी केबल महिन्यातून एकदाच, सुट्टीच्या दिवशी लावता येईल आणि एरवी काढून ठेवता येईल. पण मी हट्ट धरत नाही. महिनाअखेरीला लावलेली केबल कोणी काढून ठेवील यावर माझाही फारसा विश्वास नाही.

प्रमाणपत्रे

मी ग्राहकांच्या बाजूने फाउंड्रीची तपासणी करणाऱ्यांपैकी आहे. आम्ही सर्वांत आधी जे पाहतो, त्याचा वर उल्लेखच आलेला नाही, ते म्हणजे घड्याळ. जाळ्याबाहेरच्या जुन्या संगणकाची बॅटरी संपलेली असते आणि निकालावर २००२ सालातली तारीख छापलेली असते. कधी घड्याळ वीस मिनिटे मागे असते आणि धातू ओतल्याच्या नोंदीनंतर नमुना तपासल्याची वेळ येते. मॅग्नेशियमची प्रक्रिया झाल्यावर साधारण दहा मिनिटांत धातू ओतावा लागतो, तेव्हा वीस मिनिटांचा फरक म्हणजे सगळी नोंदच संशयास्पद. देवडीवर वेळ देणारी एनटीपी सेवा चालवावी आणि एक्सपीने तिच्याकडून वेळ घ्यावी. मात्र कोणत्याही डोमेनमध्ये नसलेला एक्सपी आठवड्यातून एकदाच वेळ जुळवतो, ते अंतर रजिस्ट्रीत कमी करावे लागेल. इथे एक्सपी स्वतःच विचारायला जातो, त्यामुळे जाळेदुरुस्ती यांनी सांगितलेली दिशा मोडत नाही.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश कंपन्यांनाही लागू आहेत, हे लहान कारखान्यांच्या गावीही नसते. त्यांत सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवणे, नोंदी १८० दिवस जपणे आणि घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळलेली ठेवणे अपेक्षित आहे. एक्सपीकडून अशा नोंदी मिळणे कठीण. देवडीकडून सहज मिळतील. कोणती फाइल केव्हा आली, तिचा हॅश (मजकुरावरून काढलेला ओळखीचा अंक) काय, एनएएसने ती केव्हा उचलली, एवढे लिहिलेले असले तर तपासणीला आलेला माणूस पुढे फार विचारत नाही.

एनएएसवर जिथे हे निकाल येतील तो फोल्डर कार्यालयातील सर्वांना फक्त वाचण्यापुरता असावा, आणि त्यावर स्नॅपशॉट (ठरावीक वेळच्या स्थितीच्या जपलेल्या प्रती) चालू असावेत. एनएएस स्वतः इंटरनेटवर उघडे नाही ना, हेही आजच पाहून घ्यावे. २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जी एनएएस उपकरणे कुलूपबंद केली, ती इंटरनेटवरून थेट दिसत होती. त्यात कोणा जुन्या एक्सपीचा संबंध नव्हता.

ओतारी

आमच्या राउटरमध्ये एनएएसकडे वळवलेले एक पोर्ट खरोखरच उघडे निघाले. कोणे एके काळी बाहेरगावाहून ड्रॉइंग पाहण्यासाठी ते उघडले गेले होते. बंद केले आहे.

जाळेदुरुस्ती, एक्सपीने देवडीवर फाइल टाकायची ती कोणत्या मार्गाने? तिथे पुन्हा एसएमबी १ आलेच ना?

जाळेदुरुस्ती

दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे देवडीवरच्या सांबामध्ये किमान प्रोटोकॉल ‘एनटी१’ (म्हणजेच एसएमबी १) ठेवणे, परंतु ‘बाइंड इंटरफेसेस ओन्ली’ वापरून तो फक्त एक्सपीकडील कार्डावर ऐकेल अशी व्यवस्था करणे, आणि एक्सपीच्या सुरक्षा-धोरणात ‘फक्त एनटीएलएम २’ निवडणे, म्हणजे निदान पासवर्डची देवाणघेवाण सर्वांत जुन्या पद्धतीने होणार नाही. हे चालते, आणि जोखीम त्या एका केबलपुरतीच राहते.

मला दुसरा मार्ग अधिक आवडतो, तो म्हणजे साधे एफटीपी, फाइली पाठवण्याची जुनी पद्धत. एरवी मी कोणालाही एफटीपी सुचवणार नाही, कारण त्यात पासवर्ड उघडा जातो. इथे मात्र तो दोन मीटरच्या केबलवरून जातो, जिच्यावर तिसरा कोणी नाही, आणि त्या पासवर्डने करता येण्यासारखे एकच काम आहे : नवी फाइल टाकणे. देवडीवरच्या व्हीएसएफटीपीडी या एफटीपी सर्व्हरमध्ये उतरवून घेण्याची, यादी पाहण्याची, पुसण्याची आणि नाव बदलण्याची मुभा काढून टाकता येते. फाइल पूर्ण आली की देवडीवरची एक छोटी स्क्रिप्ट ती लगेच दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवते, म्हणून आधीची फाइल त्याच नावाने लिहून बिघडवण्याचीही वाट राहत नाही. ती स्क्रिप्टच आकार आणि प्रकार पाहील : निकालासाठी फक्त मजकुराची फाइल आणि ठरलेले रकाने, बाकी सगळे बाजूला.

एक्सपीत एफटीपीची आज्ञा मुळातच आहे, पण तिच्या तीन खोडी ध्यानात ठेवाव्यात. ती फक्त ‘ॲक्टिव्ह’ पद्धतीने बोलते, म्हणजे फाइल पाठवताना सर्व्हर उलट जोडणी करतो, आणि एक्सपीचे फायरवॉल ती ओळखून आत घेते ते ‘ॲप्लिकेशन लेयर गेटवे’ या सेवेच्या आधारावर. अनावश्यक सेवा बंद करण्याच्या उत्साहात ती बंद झाली की फाइल जात नाही आणि कारण सापडत नाही. दुसरे, तिचा मूळ प्रकार मजकुराचा असतो. डेटाबेसची प्रत पाठवण्यापूर्वी ‘बायनरी’ म्हटले नाही तर फाइल पोहोचते, पण उघडत नाही. तिसरे, डेटाबेस चालू सॉफ्टवेअरच्या हाती असताना त्याची प्रत घेऊ नये. ती अर्धवट निघते. सॉफ्टवेअर बंद करून स्थानिक प्रत काढावी आणि मग ती प्रत पाठवावी.

एक गोष्ट ठासून सांगतो. स्पेक्ट्रोमीटरच्या सॉफ्टवेअरमध्ये निकाल निर्यात करण्याचा फोल्डर विचारला जातो, तिथे नेटवर्कवरचा पत्ता कधीही देऊ नये. पलीकडचा संगणक बंद असेल तर विंडोज बराच वेळ वाट पाहत बसते आणि तोवर सॉफ्टवेअरही गोठते. निकाल स्वतःच्याच डिस्कवर पडावा, आणि दर दोन मिनिटांनी चालणाऱ्या बॅच फाइलने तो पुढे न्यावा. देवडी गेली तर फाइली साचतील, एवढेच.

रात्रपाळी

वरील रचनेला माझा विरोध उरलेला नाही. मात्र एक वाट सगळे विसरले. वर्षातून एकदोनदा यंत्राचा सेवा-अभियंता येतो, तो स्वतःचा पेनड्राइव्ह लावतो, कधी स्वतःचा लॅपटॉप केबलने जोडतो. त्याला कोण अडवणार? तो आला की आपण चहा मागवतो आणि तो काय लावतो हे पाहत नाही.

जाळेदुरुस्ती

त्याला अडवू नये, त्याच्या फाइली आपण घ्याव्यात. त्याचा पेनड्राइव्ह देवडीवर लावावा, लिनक्सवर तो तपासावा, आणि हव्या तेवढ्याच फाइली कोऱ्या सीडीवर लिहून एक्सपीला द्याव्यात; त्या संगणकांना सीडी ड्राइव्ह असतोच, आणि लिहून बंद केलेली सीडी परतताना सोबत काही घेऊन येत नाही. एक्सपीवर यूएसबी साठवणीचा ड्रायव्हर रजिस्ट्रीतून बंद करता येतो, त्याने कळफलक आणि माउस यांना धक्का लागत नाही. काही यंत्रांचा सॉफ्टवेअर-परवाना यूएसबी डोंगलमध्ये (संगणकाला लावायच्या छोट्या किल्लीत) असतो. तो साठवण म्हणून ओळखला जात नसेल तर चालू राहतो, पण हे आधी पडताळून घ्यावे.

हे सगळे करण्याआधी एक्सपीच्या डिस्कची संपूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) क्लोनझिला या सॉफ्टवेअरने काढावी, ती दुसऱ्या डिस्कवर उतरवावी आणि त्या डिस्कवरून यंत्र चालते का हे प्रत्यक्ष पाहावे. तेवढ्या जुन्या डिस्कच्या बाबतीत मला हल्लेखोरांपेक्षा तिच्या बेअरिंगची भीती अधिक वाटते.

ओतारी

झालेले काम कळवतो. डिस्कची इमेज काढून दुसरी डिस्क तयार केली आणि आता यंत्र तिच्यावरच चालते आहे. जुनी कपाटात आहे. देवडीसाठी कार्यालयातला एक निवृत्त संगणक घेतला, त्यात दुसरे नेटवर्क कार्ड बसवले आणि तो प्रयोगशाळेतच एक्सपीशेजारी ठेवला. प्रयोगशाळेपासून कार्यालयापर्यंत केबल भट्टीच्या वीजवाहिन्यांजवळून जाणार होती, म्हणून तेवढ्या टप्प्यासाठी फायबर घेतले. एफटीपी, वेळ आणि आरसिंक वरीलप्रमाणे. दर पाच मिनिटांनी एनएएस देवडीवरून निकाल उचलते आणि टेस्ट सर्टिफिकेटच्या तक्त्यात ते आपोआप भरले जातात. लिपिकाने पहिला आठवडा वहीशी ताळा करून पाहिला. तफावती निघाल्या त्या वहीतल्या होत्या.

रात्रपाळी यांची शंका आणि जाळेदुरुस्ती यांची सूचना ध्यानात घेऊन एक्सपीची यूएसबी साठवण बंद केली आहे. डोंगल चालतो.

सुट्टीच्या दिवशी भट्टी बंद असताना एक जुना नमुना यंत्रावर ठेवला आणि ठिणगी चालू असतानाच देवडीकडची केबल काढली. निकाल नेहमीच्या वेळात पडद्यावर आला, कागदावर छापला गेला, आणि बॅच फाइलची काळी खिडकी जोडणी नाही असे सांगून मिटली. त्यानंतर आणखी नमुने घेतले, तेही एक्सपीच्या फोल्डरमध्ये साचत राहिले. केबल परत लावल्यावर पुढच्या फेरीत सगळ्या फाइली देवडीवर गेल्या आणि तिथून एनएएसवर. नऊपिनी यांच्या सांगण्याप्रमाणे घातलेल्या चढत्या क्रमांकांत एकही मोकळी जागा नव्हती.

नऊपिनी

उत्तम. आता हीच चाचणी देवडीची डिस्क पूर्ण भरलेली असताना करून पाहा. केबल निघाली तर एफटीपी लगेच नकार देते. डिस्क भरली तर फाइल शून्य आकाराची किंवा अर्धी राहू शकते, आणि बॅच फाइलने तेवढ्यावर मूळ फाइल ‘गेलेल्या’ फोल्डरमध्ये हलवली तर ती पुन्हा पाठवली जाणार नाही.

ओतारी

बॅच फाइल मूळ फाइल हलवते ती एफटीपीच्या उत्तरात ‘२२६’ (फाइल पूर्ण पोहोचली) हा क्रमांक आला तरच. डिस्क भरून चाचणी येत्या सुट्टीला करतो आणि इथेच लिहितो.